चारकोपची चिंधी, वालधुनीचं पाणी

प्रति,
मा. वस्त्रोद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



कांदिवली पश्चिमेला चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत कपडे शिवणाऱ्या गाळ्यांची सुट्टी झाली की दाराबाहेर प्लास्टिकची फुगलेली पोती येऊन पडतात. गाळा जीन्सचा असेल तर पोत्याच्या तोंडातून निळं-पांढरं काहीतरी डोकावत असतं. खिशाच्या वळणावर कापलेल्या चंद्रकोरी, दोन पायांच्या मधले निमुळते त्रिकोण, थानाच्या काठाची लांबच लांब पट्टी. कतरनवाला येतो, पोती वजनावर घेतो आणि टेम्पोत टाकून निघून जातो. गाळ्याच्या वहीत त्याची नोंद होते 'भंगार विक्री' म्हणून. म्हणजे जमेच्या बाजूला.

ही नोंद चुकीच्या बाजूला होते, एवढंच या पत्राचं म्हणणं आहे. बाकी सगळं त्याच्या पोटात येतं.

आधी थोडा हिशेब. साठ इंच पन्ह्याचं कापड असेल तर एका जीन्सला साधारण सव्वा ते दीड मीटर डेनिम लागतं. कटिंग मास्टर टेबलावर थानं उलगडून एकावर एक थर लावतो, वर तुकडे आखलेला मार्करचा कागद अंथरतो आणि उभ्या सुरीच्या मशीनने सगळे थर एकदम कापतो. मार्करवरचे तुकडे किती दाटीने बसवले आहेत, त्यावर पोत्यात काय जाणार हे ठरतं. समजा, एका गाळ्यात दिवसाला पाचशे जीन्स कापल्या जातात आणि प्रत्येकीला 1.3 मीटर कापड लागतं. दिवसाचं कापड झालं 650 मीटर. मार्कर जरा नीट बसवून, थराच्या दोन्ही टोकांना सोडलेली जास्तीची बोटं कमी करून त्यातलं फक्त 1 टक्का वाचवलं, तर साडेसहा मीटर वाचतात. तेवढ्यात पाच जीन्स होतात. रोजच्या रोज.

आता याच पाच जीन्सकडे दुसऱ्या खिडकीतून पाहू. लिव्हाईस कंपनीने 2015 साली आपल्या 501 या जीन्सच्या संपूर्ण आयुष्याचा हिशेब प्रसिद्ध केला. कापसाच्या शेतापासून ती टाकून देईपर्यंत एका जीन्समागे 3,781 लिटर पाणी लागतं, असं त्यात निघालं. त्यातलं 68 टक्के पाणी एकट्या कापसाच्या शेतीत जातं. म्हणजे जीन्समागे सुमारे 2,570 लिटर. पाच जीन्सचं कापड पोत्यात गेलं तर पावणेतेरा हजार लिटरच्या आसपास पाणी त्याच्यासोबत गेलं. चारकोपच्या सोसायटीत टंचाईच्या दिवसांत येतो तो टँकर साधारण दहा हजार लिटरचा असतो. जीन्समागच्या पाण्याचा हा आकडा एका जागतिक कंपनीच्या कापसाचा आहे, हे मान्य. विदर्भातला कापूस बहुतांश कोरडवाहू, त्याला कालव्याचं पाणी कुठलं? पण तिथे पोत्यात जातो तो पाऊस, जमिनीचा कस, शेतकऱ्याची फवारणी आणि मजुरी. वाया जाणाऱ्या गोष्टीचं नाव बदललं, तरी ती वाया जायची थांबत नाही.

जपानमध्ये टोयोटा कंपनीच्या ताइइची ओनो यांनी कारखान्यातल्या अशा नासाडीचे सात प्रकार सांगितले: गरजेहून जास्त उत्पादन, वाट पाहणं, मालाची नाहक ने-आण, गरजेपेक्षा जास्त प्रक्रिया, साठा, कामगाराची अनावश्यक हालचाल आणि सदोष माल. जपानी भाषेत या नासाडीला 'मुदा' म्हणतात. पुढे जगभर 'लीन' या नावाने ही पद्धत रुळली. या यादीत पाणी नाही, धूर नाही, रसायन नाही. पण डेनिमच्या धंद्यात या सातांपैकी जवळजवळ प्रत्येकाच्या तळाशी पाणी, रंग किंवा वीज सापडते. म्हणून डेनिममध्ये काटकसरीचं व्यवस्थापन आणि पर्यावरणाचं व्यवस्थापन अशा दोन वेगळ्या फायली चालवायच्या म्हणजे एकाच पोत्याचं दोनदा वजन करण्यासारखं आहे.

डेनिमची गोष्ट या शहराला परकी नाही. इंग्रजीतल्या 'डंगरी' या शब्दाचं मूळ डोंगरीच्या जाड्याभरड्या कापडात सांगितलं जातं. उपनगरांनी तर देशी जीन्सचा अख्खा जमाना पाहिला. गोरेगावच्या केवल किरण कंपनीने 1989 मध्ये 'किलर' आणली. 1992 मध्ये प्रसाद पाब्रेकर यांनी 'स्पायकर' सुरू केली. कापड विणण्याचं मोठं काम मात्र मुंबईबाहेर होतं. यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीत रेमंडचा डेनिम कारखाना आहे, कापसाच्या जिल्ह्यातच. अहमदाबादला अरविंद आहे. चारकोप, गोरेगाव, मालाडच्या गाळ्यांकडे राहिली कटिंग आणि शिलाई. आणि शिलाईनंतर जे होतं, ते इथून दिसत नाही.

कारण शिवलेली कोरी जीन्स सहसा कुणी विकत घेत नाही. ती पुठ्ठ्यासारखी ताठ आणि काळपट निळी असते. गिऱ्हाइकाला हवी असते गुडघ्यावर फिकट झालेली, मांडीवर सुरकुत्यांच्या मिश्या उमटलेली, हाताला मऊ लागणारी. डेनिमला निळा रंग देणारी नीळ पाण्यात विरघळत नाही. तिला आधी सोडियम हायड्रोसल्फाइट आणि कॉस्टिकच्या मदतीने विरघळणाऱ्या रूपात आणतात, सूत पुन्हापुन्हा बुडवून हवेत धरतात आणि हवेतल्या ऑक्सिजनने ती परत निळी होते. रंग सुताच्या वरच्या कवचातच राहतो, गाभा पांढरा. म्हणूनच जीन्स घासली की फिकट होते. हे फिकटपण विकत देणं म्हणजे वॉशिंगचा धंदा.

वॉशिंगच्या ड्रमपाशी जरा थांबायला हवं. शंभर जीन्सचा एक घाणा, एकेक जीन्स सहाशे ग्रॅम धरली तर वजन 60 किलो. वजनाच्या दहापट पाणी घेतलं तर एका पाण्याला 600 लिटर. पहिलं पाणी खळ काढायला, मग खळबाळण. मग एन्झाइम, नाहीतर प्युमिसचे दगड, पुन्हा खळबाळण. फिकट करायचं तर ब्लीच, ब्लीच मारायला तिसरं रसायन, पुन्हा खळबाळण, शेवटी सॉफ्टनर. अशी आठ पाणी झाली तर 4,800 लिटर. जीन्समागे 48 लिटर, आणि प्रत्येक पाणी ड्रमच्या खालच्या तोटीतून गटारात. ड्रममधलं पाण्याचं माप सहापटीवर आणलं आणि दोन खळबाळणं कमी केली, तर तोच घाणा 360 लिटरच्या सहा पाण्यांत, म्हणजे 2,160 लिटरमध्ये निघतो. जीन्समागे 22 लिटरही नाहीत. यात नवं यंत्र काही नाही. लागतं ते फक्त ड्रमवर पाण्याचं मीटर, आणि रेसिपी कागदावर लिहून तशीच पाळणारा माणूस.

पण घाणा बाहेर आला, शेड जुळली नाही, आणि खरेदीदाराच्या माणसाने माल परत केला, तर? मग री-वॉश. आठही पाणी पुन्हा, वीज पुन्हा, बॉयलर पुन्हा. टोयोटाच्या यादीतला सातवा प्रकार, सदोष माल, इथे शब्दशः गटारातून वाहतो. आणि पुष्कळदा त्या दोषाची सुरुवात वॉशिंगमध्ये झालेलीच नसते. चारकोपच्या कटिंग टेबलावर दोन वेगळ्या लॉटची थानं एकाच थरात घातली गेली, आणि मग एका पायाची निळाई दुसऱ्या पायाशी जुळेना. चूक एका पिनकोडमध्ये, पाणी दुसऱ्या पिनकोडमध्ये. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण याहून चपखल कुठे बसेल?

मंत्रिमहोदय, या दुसऱ्या पिनकोडची गोष्ट आपल्या सरकारच्या दप्तरी आहे. उल्हासनगरच्या कॅम्प क्रमांक 5 आणि आसपासच्या भागात घराच्या तळमजल्यांपासून पत्र्याच्या शेडपर्यंत जीन्स शिवणारे आणि धुणारे शेकडो कारखाने उभे राहिले. धुलाईचं सांडपाणी वालधुनीत जायचं. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराला वळसा घालून येणारी ही नदी कल्याणजवळ उल्हास खाडीला मिळते, आणि तेव्हा ती रंगीत पाणी घेऊन मिळायची. 'वनशक्ती' संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. अखेर उल्हासनगरचे धुलाई कारखाने बंद करण्याची कारवाई झाली. वीज तोडली, पाणी तोडलं.

नदीच्या दृष्टीने हे व्हायलाच हवं होतं. पण शिलाईच्या गाळ्यांतून जीन्स निघायची थांबली नाही, गिऱ्हाइकाला फिकट गुडघे हवे असायचंही थांबलं नाही. मग ड्रम गेले कुठे? अंबरनाथ, कल्याण, भिवंडीच्या ग्रामीण भागात, जिथे नजर कमी पोहोचते तिथे. बंदीने पत्ता बदलला, घाणा तोच राहिला. चारकोपच्या वसाहतीतल्या मालकाच्या लेखी एवढाच फरक पडला की टेम्पोचं भाडं वाढलं.

अशा साखळीत आजच्या सरकारी योजना कुठे बसतात, ते पाहण्यासारखं आहे. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची 'झेड' योजना आहे, शून्य दोष आणि शून्य दुष्परिणाम या घोषणेवर बेतलेली. 28 एप्रिल 2022 रोजी ती नव्या रूपात सुरू झाली: कांस्य, रौप्य, सुवर्ण अशी प्रमाणपत्रं आणि प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला 80 टक्के, लघुला 60 टक्के, मध्यमला 50 टक्के सवलत. 10 मार्च 2023 रोजी त्याच मंत्रालयाने 'लीन' योजना आणली. त्यात सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के वाटा सरकार उचलतं. दोन्हींच्या वेळी मंत्री होते नारायण राणे, म्हणजे घरचेच. योजना वाईट नाहीत. 'झेड'मध्ये तर दोष आणि दुष्परिणाम एकाच नावात बांधले आहेत.

अडचण पत्त्याची आहे. प्रमाणपत्र मिळतं ते एका कारखान्याला. चारकोपच्या शिलाई गाळ्यात पाणी लागतं ते प्यायला, चहाला आणि इस्त्रीच्या वाफेला. त्याला 'शून्य दुष्परिणाम' सिद्ध करायला कितीसे कष्ट? त्याचा खरा दुष्परिणाम चालानावर बसून जॉब वर्कला निघून गेलेला असतो. रंगाई आणि ब्लीचिंगसारखी सांडपाणी सोडणारी कापडप्रक्रिया केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत लाल गटात मोडते, त्यामुळे नोटीस जाते ती धुणाऱ्याला. तो बहुधा जागा भाड्याने घेतलेला, नगावर दर मिळणारा, सगळ्यात दुबळा दुवा. किती फिकट हवं, किती दिवसांत हवं, किती दराने हवं, हे ठरवणारा मात्र साखळीच्या दुसऱ्या टोकाला एसीत बसलेला.

राज्याच्या धोरणाकडून म्हणूनच अपेक्षा जास्त. 2023 मध्ये जाहीर झालेल्या धोरणाचं नावच आहे 'एकात्मिक व शाश्वत वस्त्रोद्योग धोरण 2023-28'. पाच वर्षांत 25,000 कोटींची गुंतवणूक, 5 लाख रोजगार, आणि राज्यातल्या कापसावर राज्यातच होणारी प्रक्रिया 30 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर, अशी त्याची उद्दिष्टं. हे साधलं तर डेनिमही वाढणार, धुलाईही वाढणार. मग 'एकात्मिक' आणि 'शाश्वत' हे दोन शब्द नावात जसे शेजारी बसले आहेत, तसे अटी-शर्तींतही बसायला हवेत.

जगात हे कुठे जमलं आहे का? शेजारीच. अहमदाबादला नरोड्यात अरविंद आणि अमेरिकेची गॅप या कंपन्यांनी 2019 मध्ये एक जलशुद्धीकरण प्रकल्प सुरू केला. शहराचं घरगुती सांडपाणी शुद्ध करून डेनिमच्या कारखान्यात वापरायचं, आणि त्यातून दिवसाला 80 लाख लिटर गोडं पाणी वाचवायचं, असं त्याचं गणित. लिव्हाईसने 2011 पासून कमी पाण्याच्या फिनिशिंगच्या पद्धती आणल्या. काही नमुन्यांत फिनिशिंगचं पाणी 96 टक्क्यांपर्यंत कमी झालं, आणि 2016 मध्ये या पद्धती कंपनीने इतर उत्पादकांनाही खुल्या केल्या. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या जीनोलॉजिया कंपनीची लेसर यंत्रं मांडीवरच्या मिश्या पाण्याविना उमटवतात.

उलट्या बाजूचा धडाही आहे. जीन्स झिजवण्यासाठी वाळूचा मारा करण्याची पद्धत तुर्कस्तानात होती. तिथल्या तरुण कामगारांच्या फुप्फुसांत सिलिका जाऊन सिलिकोसिस झाला, माणसं मेली, आणि 2009 मध्ये तुर्कस्तानने त्या पद्धतीवर बंदी घातली. वाळू मारायला पाणी लागत नाही. म्हणजे फक्त पाणी मोजलं असतं, तर ही पद्धत 'हिरवी' ठरली असती.

म्हणून लीन आणि हरित यांची सांगड घालताना दोन ठिकाणी ती सुटते, तेही सांगायला हवं. पहिलं, लीनला छोटे लॉट आवडतात: लागेल तेवढंच शिवा, साठा करू नका. पण वॉशिंगचा ड्रम शंभर जीन्सचा असतो. त्यात चाळीसच टाकल्या आणि पाणी मात्र डोळ्यांच्या अंदाजाने घेतलं, तर जीन्समागे पाणी दुपटीने वाढतं आणि टेम्पोच्या फेऱ्याही वाढतात. शिलाईचा लॉट आणि धुलाईचा घाणा यांचं माप एकत्र ठरवल्याशिवाय एकाची काटकसर दुसऱ्याची उधळपट्टी होते.

दुसरं ठिकाण कारागिराचं आहे. गाळ्यांत मजुरी बहुधा नगावर. खिसे लावणारा कारागीर दिवसाला जितके जास्त खिसे लावेल तितके त्याचे पैसे. पुढच्या मशीनवर बेल्ट लावणाऱ्याला ते झेपतात की नाही, हा त्याचा प्रश्न नाही. मग दोन मशीनच्या मध्ये बंडलांची थप्पी छातीपर्यंत चढते. तळाच्या बंडलात खिसा वाकडा लागला असेल, तर ते कळतं दोन दिवसांनी, तोवर तसेच दोनशे वाकडे खिसे लागलेले असतात. मग सगळं 'ऑल्टर'मध्ये, उसवा आणि पुन्हा शिवा, आणि उसवलेल्या जागी सुईची भोकं धुलाईनंतर उठून दिसतात. सल्लागार येऊन भिंतीवर रंगीत तक्ता लावून गेला, तरी मजुरीची पद्धत बदलल्याशिवाय ही थप्पी खाली येत नाही. आणि थप्पी खाली आणायची म्हणून कारागिराची कमाई कमी होणार असेल, तर तो ती खाली येऊही देणार नाही. का द्यावी? वाचलेल्या कापडाचा आणि टळलेल्या री-वॉशचा हिस्सा त्याच्या पगारात दिसायला हवा.

हे सारं ध्यानात घेऊन आपल्या खात्याकडे चार विनंत्या आहेत.

एक, सवलत साखळीला द्या. राज्याच्या धोरणाखाली अनुदान मागणारा शिलाई कारखाना किंवा ब्रँड असेल, तर त्याने आपला धुलाईवाला सोबत आणावा. दोघांची फाईल एक असावी. धुलाईवाल्याला मीटर, कमी पाण्याचा ड्रम किंवा ओझोनने फिकट करणारं यंत्र घ्यायला मदत मिळेल आणि शिलाईवाल्याला त्याची जबाबदारी झटकता येणार नाही.

दोन, लीन सल्लागार आणि पर्यावरण तपासणारा एकाच दिवशी, एकाच घाण्यामागे चालू द्या: चारकोपच्या कटिंग टेबलापासून ड्रमच्या तोटीपर्यंत. आज एक जण इकडची थप्पी पाहतो, दुसरा तिकडचं गटार. दोघांच्या मधला टेम्पो कुणीच पाहत नाही.

तीन, ग्रामीण भागात विखुरलेल्या ड्रमना सामाईक धुलाई केंद्रात आणा. तिथे पाणी येईल ते महापालिकांच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं, आणि बाहेर जाण्याआधी पुन्हा वापरलं जाईल. हे केंद्र उल्हास खोऱ्यात होणार असेल, तर नदीचा अनुभव घेतलेल्या तिथल्या लोकांना देखरेखीत जागा असू द्या.

चार, मोजमाप साधं ठेवा. जगभर यासाठी सॉफ्टवेअर आहेत, युरोपीय संघाने 2024 मध्ये नवा नियम करून कपड्यांसारख्या वस्तूंना डिजिटल पासपोर्ट देण्याची वाट मोकळी केली आहे. मोठे निर्यातदार ते करतीलच. चारकोपच्या दहा मशीनच्या गाळ्याला त्याची सुरुवात एका कागदापासून करता येईल.

तो कागद आजही असतो. संध्याकाळी बंडलं बांधली जातात, टेम्पोवाला भिंतीला टेकून बिडी विझवतो, आणि मालक उभ्या-उभ्या जॉब वर्कचं चालान फाडतो. त्यावर नग, रंग, साईज, वॉशचं नाव, दर, तारीख. माल परत येतो तेव्हा तेच चालान धुलाईवाल्याच्या सहीने परत येतं. अनुदानाची अट म्हणून त्यावर तीन रकाने वाढवावेत: या घाण्याला मीटरवर किती लिटर पाणी गेलं, किती नग री-वॉशला गेले, आणि कटिंगनंतर किती किलो चिंधी निघाली. महिनाअखेरीस अशी चाळीस-पन्नास चालानं एकत्र आली की कोणत्या थानाने, कोणत्या रेसिपीने, कोणत्या घाईने किती पाणी खाल्लं, ते गाळ्याच्या मालकाला कुणी सांगावं लागणार नाही. चिंधीची रक्कमही तो मग वहीच्या दुसऱ्या बाजूला लिहील.

2028 मध्ये धोरणाची मुदत संपते, म्हणजे पुढच्या धोरणाचा मसुदा फार लांब नाही. त्या मसुद्यावर बसणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी एखाद्याला एका संध्याकाळी मेट्रोने कांदिवली पश्चिमेला पाठवावं. वसाहतीतून निघालेल्या टेम्पोत बसून त्याने धुलाईच्या शेडपर्यंत जावं, आणि ड्रमची तोटी उघडते तेव्हा तिथे उभं राहावं.

कळावे.

आपला,
चारकोपचा एक रहिवासी